घरबसल्या पोर्टल का कोर्टाची खिडकी? कॅलिफोर्नियात काउंटी कोर्टाचं रेकॉर्ड बघायचं असेल तर

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींना कधी ना कधी काउंटी कोर्टाचं रेकॉर्ड बघायची वेळ येतेच. किचन रिमॉडेल करायचंय आणि कॉन्ट्रॅक्टर कसा आहे ते बघायचंय, भाडेकरू ठेवायचाय, नाहीतर पुण्याहून मावशीचा फोन येतो की मुलीसाठी जे स्थळ आलंय तो मुलगा फ्रीमॉन्टला असतो, त्याचं आधी एक लग्न झालं होतं असं कानावर आलंय, जरा बघशील का. किंवा स्वतःच्याच डिव्होर्सच्या जजमेंटची सर्टिफाइड कॉपी इंडियात लागते. मग प्रश्न असा की घरी बसून पोर्टलवर शोधायचं, का अर्धा दिवस काढून कोर्टात जायचं आणि रेकॉर्ड्सच्या खिडकीवर उभं राहायचं. मी दोन्ही केलंय, दोन्हीचा उपयोग आहे, पण माझा कल एका बाजूला आहे आणि तो का ते सांगतो.

केस नंबर म्हणजे काय, पोर्टलवर अकाउंट कसं उघडायचं वगैरे सांगत बसत नाही. एकच गोष्ट आधी सांगतो कारण त्यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. काउंटीचं क्लर्क-रेकॉर्डर ऑफिस वेगळं आणि सुपिरियर कोर्टाचा, म्हणजे ज्याला आपण काउंटी कोर्ट म्हणतो त्याचा, क्लर्क वेगळा. घराचं डीड, लीन म्हणजे घरावरचा बोजा, मॅरेज लायसन्स हे रेकॉर्डरकडे, आणि केस मग ती डिव्होर्सची असो, स्मॉल क्लेम्सची असो की क्रिमिनल, ती सुपिरियर कोर्टाकडे. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या, 58 सुपिरियर कोर्टं आणि प्रत्येकाची वेबसाइट वेगळी. सगळ्या काउंट्यांमध्ये एकदम नाव शोधता येईल अशी कोर्टाची सरकारी साइट नाही. इंडियात ई-कोर्ट्सवर 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की गडचिरोलीची केस असो की ठाण्याची, एकाच जागी दिसते, ती सवय असलेल्या माणसाला इथे आल्यावर जरा धक्काच बसतो. आणि कॉन्ट्रॅक्टरने बँकरप्सी केली असेल तर ती काउंटीत मिळणारच नाही, ती फेडरल कोर्टात. त्यासाठी पेसर नावाची वेगळी साइट आहे, पानाला 10 सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तीन महिन्यांत बिल 30 डॉलर किंवा कमी झालं तर माफ.

आता पोर्टल. रात्री अकरा वाजता पोरं झोपल्यावर लॅपटॉप उघडून बघता येतं, सुट्टी घ्यावी लागत नाही, पार्किंग शोधावं लागत नाही. एखाद्या काउंटीत त्या नावावर काही आहे का नाही एवढाच प्रश्न असेल तर पोर्टलला तोड नाही. बहुतेक काउंट्यांत रजिस्टर ऑफ ॲक्शन्स, म्हणजे कोणत्या तारखेला काय दाखल झालं आणि काय ऑर्डर झाली त्याची यादी, घरून दिसते. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं, डिसोल्युशनची (इथे डिव्होर्सच्या केसला हेच नाव) केस आहे का, जजमेंट झालंय का. कुठल्या काउंटीत शोधायचं त्यालाही एक धागा आहे, कॅलिफोर्नियात डिव्होर्स फाइल करायला नवरा-बायकोपैकी एकजण राज्यात 6 महिने आणि त्या काउंटीत 3 महिने राहिलेला असावा लागतो, म्हणजे तो मुलगा तेव्हा कुठे राहत होता ते कळलं की शोध बराच आटोक्यात येतो.

पण इथून पुढे पोर्टल मला कमी पडलं, आणि ज्या एका गोष्टीने माझं मत ठरलं ती हीच, की पोर्टल नाव देतं, माणूस देत नाही.

आमचा किचनचा कॉन्ट्रॅक्टर, त्याचं नाव असं की बे एरियात त्या नावाची माणसं भरपूर असणार. राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर लायसन्स चालू, बॉन्ड ठीक, पण तिथे चालू असलेले दावे दिसत नाहीत म्हणून आमच्या काउंटीच्या पोर्टलवर नाव टाकलं. केसेसची यादी आली, सगळीकडे तेच नाव, आणि त्यातला आपला कोण ते कळायला काहीच मार्ग नाही. जन्मतारीख नाही, पत्ता नाही, मधलं नाव कधी आहे कधी नाही. हे पोर्टल वाईट बनवलंय म्हणून नाही, राज्याच्या कोर्ट रूल्समध्येच आहे की घरून दिसणाऱ्या इंडेक्समध्ये, म्हणजे नावांच्या त्या यादीत, जन्मतारीख वगैरे द्यायची नाही, आणि 2021 मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या कोर्टाच्या एका प्रकरणात अपील कोर्टाने असंही सांगितलं की जन्मतारीख किंवा ड्रायव्हर्स लायसन्स नंबर टाकून शोधायची सोयसुद्धा लोकांना देता येणार नाही. प्रायव्हसीच्या दृष्टीने मला ते पटतं, मनापासून पटतं, एखाद्याची वीस वर्षांपूर्वीची चूक कोणीही सोफ्यावर बसून उकरून काढावी असं मलाही वाटत नाही. पण आपल्याला खरंच खात्री करायची असते तेव्हा ती यादी नुसती समोर बसून राहते.

मग ओळख पटवायची तर आतलं कागदपत्र उघडायला लागतं, आणि आमच्या काउंटीत सिव्हिल केसचं कागदपत्र घरून बघायचं तर आधी पानाप्रमाणे पैसे भरायचे, मग ते उघडतं. प्रीव्ह्यू नाही. एक कम्प्लेंट, म्हणजे दावा ज्याने सुरू होतो तो कागद, विकत घेतली, उघडली, तर हायवेवरच्या अपघाताची केस, माणूस भलताच. दुसरी घेतली, ती क्रेडिट कार्डाच्या थकबाकीची, तीही दुसऱ्याच कोणाची. रक्कम मोठी नव्हती, पण आपला माणूस आहे का नाही हे कळायच्या आधीच पैसे द्यायचे आणि वर एका अनोळखी माणसाची थकबाकी वाचत बसायचं, हे मला फार खटकलं. काउंटीप्रमाणे हे बदलतं हेही सांगतो, एलए काउंटीत सिव्हिल केस नुसती नावाने शोधायलाही एका नावाला 4.75 डॉलरपर्यंत लागतात आणि डॉक्युमेंटला पहिल्या पाच पानांपर्यंत पानाला 1 डॉलर, पुढे 40 सेंट, जास्तीत जास्त 40 डॉलर. तेव्हा तुमच्या काउंटीचं आधी बघून घ्या, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा बरा असू शकतो.

आपल्या नावांची तर आणखी एक गंमत नाही, अडचणच आहे. क्षीरसागर के ने सुरू होतं का एस ने, वाघ डब्ल्यू ने का व्ही ने, दीक्षितमध्ये आय का डबल ई, आणि क्लर्कने वीस वर्षांपूर्वी जे टाइप केलं असेल तेच इंडेक्समध्ये. लग्नानंतर आपल्या बायकांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं असतं, ग्रीन कार्डवर एक, पासपोर्टवर दुसरं, केस कुठल्या नावाने फाइल झाली कोण सांगणार. म्हणून पोर्टलवर काही सापडलं नाही याचा अर्थ काही नाही असा लगेच काढू नका, सगळी स्पेलिंगं टाकून बघा.

आता कोर्ट. कोर्टात गेलं की सिक्युरिटी, बेल्ट काढा, लाइन, आणि खिडकी बऱ्याच ठिकाणी दुपारी लवकर बंद होते, कधी तीनला कधी चारला, ते साइटवर बघूनच निघावं. पण आत पब्लिक टर्मिनल असतं, त्यावर बसून डॉक्युमेंट उघडून वाचायला पैसे लागत नाहीत. पैसे फक्त कॉपीचे, पानाला 50 सेंट. मी त्या यादीतल्या केसेस एकामागून एक उघडत गेलो, कम्प्लेंटचं पहिलं पान बघायचं, आपला नाही की बंद, पुढची. एकीमध्ये मागे एक्झिबिट म्हणून काम करून घेतलेल्या घरमालकाशी केलेलं काँट्रॅक्ट जोडलं होतं आणि लेटरहेडवर लायसन्स नंबर छापलेला. कॅलिफोर्नियात काँट्रॅक्टवर तो नंबर छापावाच लागतो. मी फोनमधला आमच्या कोटेशनचा फोटो काढून शेजारी धरला, आकडे तेच. वाद काय होता, टाइल्सचं काम अर्धवट, पुढे सेटलमेंट झाली आणि केस डिसमिस, सगळं तिथेच वाचलं. जी खात्री घरी पैसे देऊनही मिळत नव्हती ती तिथे फुकट मिळाली. आम्ही त्याला काम दिलं, फक्त पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचं लिहून घेतलं.

आणि काही गोष्टी तर घरून मिळतच नाहीत. फॅमिली, क्रिमिनल, गार्डियनशिप, हॅरासमेंटच्या रेस्ट्रेनिंग ऑर्डर्स, या केसेसची कागदपत्रं सामान्य माणसाला कोर्टात जाऊनच बघायला मिळतात, घरून फार तर इंडेक्स आणि रजिस्टर. ज्युव्हेनाइल आणि सील केलेलं रेकॉर्ड तिथेही नाही, आणि ते बरोबरच आहे. भाडेकरूच्या बाबतीतही एक लक्षात ठेवा, घर खाली करण्याची केस पहिले 60 दिवस बंद असते, आणि त्या 60 दिवसांत मालक जिंकला नाही तर 2017 पासूनच्या कायद्याप्रमाणे ती पुढेही लोकांसाठी बंदच राहते. तेव्हा भाडेकरूसाठी पोर्टल काय आणि कोर्ट काय, दोन्हीकडे चित्र अर्धंच दिसणार, सरळ रीतसर टेनंट स्क्रीनिंग रिपोर्ट मागवावा.

इथेच तिसऱ्या पर्यायाबद्दल, त्या पैसे भरून माणसाची कुंडली देणाऱ्या साइट्स. मी एकदा वापरली, तिने दोन वेगळ्या माणसांच्या केसेस एकाच नावाखाली घातल्या होत्या. शिवाय फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे भाडेकरू किंवा नोकर नाकारायला तसली साइट वापरता येत नाही, त्या स्वतःच खाली बारीक अक्षरात लिहितात. स्थळाच्या बाबतीत तर असल्या रिपोर्टवरून एखाद्या मुलाचं नाव खराब होऊ शकतं, मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

मग तुम्ही काय करावं. फक्त आहे का नाही एवढंच बघायचं असेल, किंवा केस नंबर आधीच हातात असेल आणि पुढची तारीख बघायची असेल, तर पोर्टल, उगाच कोर्टात जाऊ नका. लहान मुलं घरात असतील, सुट्टी मिळत नसेल, तर थोडे पैसे गेले तरी चालतील असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण माणूस तोच आहे का याच्यावर तुमचा निर्णय अवलंबून असेल, मग तो कॉन्ट्रॅक्टर असो की जावई, तर कोर्टात जा असंच मी म्हणेन. जाताना मात्र पोर्टलवरून केस नंबर कागदावर लिहून न्या, कारण क्लर्कला शोधायला लावलं आणि त्यात 10 मिनिटांच्या वर गेली तर 15 डॉलर शोधायचे वेगळे लागतात, आणि जुन्या फाइल्स कोर्टाच्या बाहेर गोडाउनमध्ये असतात, त्या आधी मागवून ठेवाव्या लागतात. क्लर्कला कायद्याचा सल्ला विचारू नका, त्यांना तो देता येत नाही, पण फॉर्म कुठला, फाइल कुठल्या बिल्डिंगमध्ये, हे आमच्या इथल्या बाईंनी फार आपुलकीने सांगितलं होतं.

सर्टिफाइड कॉपीचं थोडं वेगळं आहे. डिव्होर्सनंतर इंडियन पासपोर्टवर नाव बदलायचंय, पुन्हा लग्न करायचंय, किंवा तिकडच्या कोर्टात इथलं जजमेंट दाखवायचंय तर पोर्टलवरून डाउनलोड केलेली पीडीएफ पुरत नाही. इंडियाच्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम 14 मध्ये परदेशी जजमेंट अधिकार असलेल्या कोर्टानेच दिलंय असं जे गृहीत धरलं जातं ते सर्टिफाइड कॉपी दाखवली तरच. ती कॉपी ज्या काउंटीत केस झाली तिथलंच कोर्ट देतं, डिव्होर्सच्या जजमेंटला सर्टिफाय करायचे 15 डॉलर आणि पानांचे वेगळे, बाकीच्या कागदांना 40. त्यावर मग कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला, एका कागदाचे 20 डॉलर, इंडिया 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे त्यामुळे ते तिकडे चालतं. जजमेंटची सगळी पानं घ्या, फक्त पहिलं पान सर्टिफाय करून नेलं तर अटी मागच्या पानांवर राहतात आणि तिकडचा वकील पुन्हा मागवायला लावतो.

आणि जे आता इंडियात परत गेलेत त्यांच्यासाठी, बहुतेक कोर्टं पोस्टानेही कॉपी देतात. केस नंबर, कुठला कागद हवाय, आणि पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, पण त्याला अमेरिकन बँकेचा चेक लागतो आणि पानं किती ते आधी माहीत नसतं, म्हणून बरीच कोर्टं रक्कम रिकामी ठेवून वर अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही असं लिहिलेला चेक घेतात. इथे कोणी नातेवाईक किंवा मित्र असेल तर मात्र त्यालाच खिडकीवर पाठवा, तो पानं उलटून बघेल आणि शिक्का नीट उठलाय का तेही तिथेच तपासून घेईल.