वेल्डिंगने ओढलेला पत्रा: गॅस मारावा की हातोडी-डॉली?

पुरात उभी राहिलेली गाडी पुढे दरवाजाच्या तळाशी सडते, हे सांगली-मिरजेत कुणाला सांगायला नको. २०१९ च्या पुरानंतर माझ्या मारुती ८०० चे दोन्ही पुढचे दरवाजे असेच गेले. सडका भाग कापून पॅच मारला, वेल्डिंगचे टाके घासून काढले, तरी हात फिरवला की पत्रा जागेवर नाही. डावा दरवाजा गॅसच्या ज्योतीने तापवून बसवला, उजवा हातोडी-डॉलीने. डॉली म्हणजे ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा. त्यावरून बोलतोय, दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकेल.

गॅसचं काम झटपट. फुगवट्यावर रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, भोवतीने हलकं ठोकायचं, ओलं फडकं लावायचं. तापलेल्या पत्र्याला भोवतीचा गार पत्रा पसरू देत नाही, म्हणून तो तिथेच जाड होतो आणि निवताना आकसतो. जिथे मागून हात जात नाही, तिथे हाच मार्ग. ठोकर बसून खरोखर ताणलेल्या पत्र्यालाही गॅसच बरा.

पण वेल्डिंगने बिघडलेला पत्रा ताणलेला नसतो, आकसलेला असतो. टाका निवताना आजूबाजूचा पत्रा आपल्याकडे ओढतो आणि त्या ओढीने शेजारी फुगवटा येतो. त्यावर गॅस मारणं म्हणजे आकसलेल्याला आणखी आकसवणं. डाव्या दरवाजाचं तेच झालं. एक फुगवटा बसला की वीतभर अंतरावर दुसरा. तो बसवला, तर तिसरा हँडलखाली. बोटाने दाबलं की ‘टक’ करून आत, सोडलं की ‘टक’ करून बाहेर. पुट्टी, प्रायमर, रंग सगळं झालं, तरी दरवाजा लावताना ती टकटक ऐकू येतेच, आणि मला ती अजिबात सहन होत नाही. शिवाय आतल्या बाजूचा रंग जळतो तो वेगळाच. पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो.

उजव्याला वेळ लागला. आतलं पॅनेल काढून खालच्या भोकातून डॉली घातली, टाक्याच्या मागे घट्ट धरली आणि थेट टाक्यावरच ठोकलं. डॉली नेमकी हातोडीखाली असली की ‘टण्’ वाजतं. आवाज भद्द आला तर ती सरकलेली असते. मार खाऊन टाका पसरतो, ओढ सुटते आणि बाजूचा फुगवटा हात न लावता खाली बसतो. हे डोळ्यांसमोर होताना पाहिलं आणि माझं मत ठरलं. सीओटूचा (सीओटू वायू सोडत तारेने केलेल्या वेल्डिंगचा) टाका मात्र कडक असतो, तो आधी पत्र्याच्या जवळपास घासून घ्यावा लागतो. जास्त ठोकलं तर पत्रा ताणतो. मग एखादा बारीक गॅसचा ठिपका चालेल.

मागून डॉली पोचत असेल तर माझा कल हातोडीकडे. फक्त पॅच कापतानाच डेंटरला सांगा, कडेला कड भिडवून लाव. एकावर एक चढवला तर दुहेरी पत्रा हातोडीला नीट दाद देत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचतं.