तीन मीटरची हिरवी पट्टी: आठ महिने वापरलेली पटिंग मॅट

आधी तक्रार. घरात गोल्फचा सराव करायची ही मॅट गुंडाळी होऊन येते आणि आठवडाभर सरळ व्हायचं नाव घेत नाही. कडा वर, मध्ये दोन लाटा. सोबतच्या कागदावर ‘उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवा’ असं लिहिलंय. फिरवली, तर दोन दिवस हॉलमध्ये रबराचा वास. शेवटी खलबत्ता, पोळपाट आणि जुन्या फायलींचे दोन गठ्ठे असे चार कोपऱ्यांवर ठेवले, तेव्हा दहाव्या दिवशी बाईसाहेब सपाट झाल्या. विकणाऱ्याला दोनदा मेल केली, उत्तर नाही. किंमत ३,४०० रुपये.

तरी मी पाचपैकी साडेतीन देतेय, ते का ते सांगते.

मी पन्नाशी उलटल्यावर गोल्फ खेळायला लागले. माहेर नाशिकचं. आम्हा नाशिककरांना ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की आठवतं ते मैदान, सकाळी फेऱ्या मारणारी मंडळी आणि रणजीचे सामने. पुण्यातून आईला फोनवर म्हटलं, “गोल्फ क्लबवर चाललेय,” तर ती म्हणाली, “अगं, नाशकात कधी आलीस?”

तर जानेवारीत डायरीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं: यंदा १०० च्या आत. त्याखाली: हँडिकॅप ३०. (हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला.) हौशी गोल्फर दुसरं काय लिहिणार! पण राऊंडमध्ये शंभर फटक्यांच्या आत आलो की नाही हे अठरावं होल संपल्यावर कळतं, आणि उद्या संध्याकाळी नेमकं काय करायचं ते त्यातून काही कळत नाही. हँडिकॅपचं तर आणखीच संथ काम. २०२० पासून जगभर जी पद्धत आहे तिच्यात शेवटच्या २० राऊंडमधले सर्वांत चांगले ८ धरून सरासरी काढतात. मी महिन्याला दोनदा खेळते. म्हणजे वीस राऊंड व्हायलाच दहा महिने. तोवर डायरीत त्या आकड्याकडे नुसतं बघत बसायचं.

आमच्या कोचने एकच प्रश्न विचारला. “मॅडम, ग्रीनवर किती मारता, कधी मोजलंय?” ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तिथे चेंडू होलकडे ढकलायला मारतात तो पट. मोजलं नव्हतं. पुढच्या रविवारी मोजलं. एकूण ११२ फटके, त्यातले ४१ पट. आठ होलवर तीन-तीन पट. आणि मी इकडे नव्या ड्रायव्हरसाठी, म्हणजे लांब फटक्याच्या काठीसाठी, पैसे साठवत होते! ‘१०० च्या आत’वर काट मारली आणि लिहिलं: दिवाळीपर्यंत एका राऊंडमध्ये तीन पटवाली होल चारपेक्षा जास्त नकोत. त्याच रात्री मॅट मागवली.

आता मॅटबद्दल. खऱ्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा जवळजवळ ४३. म्हणजे होलमध्ये दोन चेंडू शेजारी-शेजारी मावून वर बोटभर जागा उरते. या मॅटचं होल मी पट्टीने मोजलं, शंभरच भरलं. जाहिरातीत ‘नियमाप्रमाणे’ म्हटलंय, ते खोटं. पण लहान होलवर सराव केल्याने नुकसान काही नाही. खरी खोट शेवटच्या चढात आहे. चेंडू परत यावा म्हणून होलपाशी मॅट वर उचललीय. तो चढ चढवायला जोर लावायची सवय लागते, आणि खऱ्या ग्रीनवर तोच चेंडू होलपासून चार फूट पुढे. मी तीन आठवडे हे भोगलं. मग चढाच्या अलीकडे एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि त्यालाच होल मानायला लागले. चेंडू परत आणायला उठावं लागतं, तेवढाच व्यायाम.

चार फुटांवर एक टिकली चिकटवलीय. तिच्या पुढे दोन काड्यापेट्या, मधून जेमतेम चेंडू जाईल एवढी फट. काड्यापेटी हलली की पट बाद. रोज वीस. सुरुवातीला सासूबाई म्हणाल्या, “गोट्या खेळायचं वय आहे का हे?” आता त्याच मोजतात, आणि लबाडी चालू देत नाहीत. खाली सतरंजी मात्र अंथरा. चेंडू फरशीवर पडला की खालच्या मजल्यावर ऐकू जातं, आमच्याकडे निरोप आला होता.

मॅट काय शिकवत नाही, तेही ऐका. तीन पट होतात ते बहुतेक वेळा पहिला पट तीस फुटांवरून मारला आणि सहा फूट अलीकडेच राहिला म्हणून. दहा फुटांची पट्टी तो अंदाज कुठून देणार? शिवाय हिचा वेग बारमाही एकच. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर पावसाळ्यात ग्रीन ओली असतात, चेंडू चिखलात चालल्यासारखा जातो. एप्रिलमध्ये तोच पट घसरत सुटतो. त्यासाठी राऊंडच्या आधी वीस मिनिटं प्रॅक्टिस ग्रीनवर जायचं, तीन चेंडू, तीस फूट, होलकडे न बघता फक्त अंतर. हे काम कुठलीच मॅट करणार नाही, कितीही पैसे मोजा. मॅटने माझा दुसरा पट पक्का केला, एवढंच. पण चार फुटांवर पोटात गोळा येणं थांबलं की पहिला पटही मोकळेपणाने मारला जातो.

गेल्या रविवारचा हिशोब: १०५, पट ३६, तीन पटवाली होल तीन. शंभर अजून लांब आहे. ड्रायव्हर जुनाच.

ज्यांच्या हॉलमध्ये दहा फूट मोकळी जागा नाही, त्यांनी घेऊ नये. दिवाणाखालून चेंडू काढण्यातच संध्याकाळ जाईल. चढ नसलेली सपाट मॅट मिळाली तर ती घ्या, स्वस्तही पडेल. मी परवा टिकली पाच फुटांवर सरकवली. सासूबाईंना ते मंजूर नाही. वीसपैकी अठरा सलग तीन दिवस झाल्याशिवाय सरकवायची नाही असं ठरलं होतं, आणि बुधवारी सतराच झाले होते.