डब्ल्यूकेसीआर ८९.९ एफएम: कॉलेजची पोरं चालवतात ते न्यूयॉर्कचं रेडिओ स्टेशन

जॅझ कळत असो नसो, हे स्टेशन एकदा लावून बघा असं मी भेटेल त्याला सांगत असतो, म्हटलं आता एकदा नीट लिहूनच टाकावं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीचं हे स्टेशन, १९५६ पासून एफएमवर आहे आणि कारभार सगळा विद्यार्थ्यांच्या हातात. बाहेरचे जुने जाणकार पण कार्यक्रम करतात, पण स्टेशन पोरांचं. एफएमचं तंत्र शोधणारा एडविन आर्मस्ट्राँग याच युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होता, त्यामुळे त्यांना अभिमान असणारच. पुण्यात बसून वेबसाइटवर फुकट ऐकता येतं आणि जाहिरात एकही नाही, आपल्या एफएमची सवय असेल तर पहिले दोन दिवस विश्वासच बसत नाही.

मला सगळ्यात काय आवडलं तर गाणं मध्येच कापत नाहीत. वीस मिनिटांचं असेल तर वीस मिनिटं पूर्ण वाजतं, आणि मग निवेदक सावकाश सांगतो की सॅक्सोफोनवर कोण, पियानोवर कोण, बेस कोणी वाजवला, ड्रम्सवर कोण, कुठल्या साली कुठल्या कंपनीसाठी रेकॉर्ड केलं. साथीदाराचं नाव घेतलं नाही असं होत नाही. आपल्याकडे तबलजीचं नाव घाईत उरकलेलं ऐकून ज्यांचा जीव जळतो त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

याचा कळस म्हणजे तिथला निवेदक फिल शाप. १९७० मध्ये विद्यार्थी म्हणून माइकसमोर बसला तो २०२१ मध्ये वारला तोपर्यंत तिथेच. १९८१ पासून सोमवार ते शुक्रवार सकाळी जॅझचा मोठा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर (टोपणनाव ‘बर्ड’) याच्यावर ‘बर्ड फ्लाइट’ नावाचा कार्यक्रम करायचा, एकाच माणसावर, आठवड्याचे पाच दिवस! म्हणजे बघा, पार्करचं २६ नोव्हेंबर १९४५ चं सॅव्हॉय या रेकॉर्ड कंपनीसाठीचं रेकॉर्डिंग सेशन घ्या, त्यात एकोणीस वर्षांचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस स्टुडिओत हजर होता पण सगळ्यात फास्ट ट्यूनला ट्रम्पेट वाजवलं डिझी गिलेस्पीने, आणि पियानो कोणत्या ट्यूनला कोणी वाजवला यावर अजून वाद आहेत. असल्या विषयावर हा माणूस आरामात तासभर बोलणार. काहींना कंटाळा येतो, खरंय, मला तर अजून हवं असतं.

आणि वाढदिवस! मोठ्या कलाकाराचा वाढदिवस असला की नेहमीचं सगळं बाजूला ठेवून २४ तास फक्त त्याचंच संगीत लावतात. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचा २७ ऑगस्टला आणि पार्करचा २९ ला, म्हणून मधला दिवस धरून सलग ७२ तास दोघंच. सवाईला कसं कोण कधी उठतं, कोण डुलकी काढून परत येऊन बसतं, तसं ऐकायचं हे, सगळं ऐकलंच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. २०२५ ला गणेश चतुर्थी नेमकी २७ ऑगस्टला आली होती, म्हणजे एकीकडे आरत्या नि ढोल आणि इकडे कानात लेस्टर यंगचा तो हळुवार टेनर सॅक्सोफोन. पण नवीन माणसाने इथून सुरुवात करू नये असं माझं मत आहे, ओळख नसताना दिवसभर एकच माणूस झेपत नाही.

आपल्या लोकांसाठी खास म्हणजे रविवारी तिथे भारतीय शास्त्रीय संगीत असतं, सकाळी ‘मॉर्निंग रागाज’ आणि संध्याकाळी ‘राग और ताल’. आपण साडेनऊ-साडेदहा तास पुढे असल्यामुळे त्यांची सकाळ म्हणजे आपला दुपारचा चहा आणि त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सोमवारची पहाट, रागाची वेळ पाळणाऱ्यांनी याचा विचार करूनच बसावं. २०१२ मध्ये तर याच स्टेशनवर ‘रागाज लाइव्ह’ सुरू झालं, २४ तास ओळीने राग, प्रहराप्रमाणे. परदेशातल्या कॉलेजच्या रेडिओवर हे होतं आणि आपल्या एवढ्या कॉलेजांत कोणाला सुचू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फक्त जॅझ-राग नाही हां. १९९० ते ९८ दरम्यान गुरुवारी मध्यरात्रीनंतर इथे स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो या दोघांचा हिपहॉप शो चालायचा, नाझ, जे-झी, बिगी हे रॅपर मोठे व्हायच्या आधी तिथे येऊन गेलेत.

आणि एप्रिल २०२४ मध्ये गाझा युद्धावरून कॅम्पसवर विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, ३० तारखेला रात्री पोलीस आंदोलकांनी ताब्यात घेतलेल्या हॅमिल्टन हॉल या इमारतीत घुसले, तेव्हा हीच विशी-बाविशीतली मुलं आवारात उभं राहून लाइव्ह सांगत होती. एवढे लोक ऐकायला आले की वेबसाइटच कोसळली. आवाज थरथरत असला तरी जे दिसतंय तेवढंच सांगायचं, ही शिस्त क्लासरूममध्ये बसून येत नाही. आपल्याकडे चेन्नईच्या अण्णा युनिव्हर्सिटीने २००४ मध्ये देशातला पहिला कॅम्पस रेडिओ सुरू केला, पुण्यात विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ वर आहे, पण कम्युनिटी रेडिओला (कॅम्पसचे हे रेडिओ त्यातच येतात) स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही आणि ट्रान्समिशनची ताकद पण सहसा १०० वॉटपर्यंतच. बातम्यांची ही अट काढली पाहिजे, पोरं आपलीही तेवढीच हुशार आहेत.

ऐकायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा-सातला लावा, तिथे तेव्हा सकाळ असते आणि त्या वेळी जॅझ असतं. न्यूयॉर्क-जर्सीकडचे मराठी लोक असतील त्यांनी गाडीत सरळ ८९.९ लावावं. वर्गणीची मोहीम चालू असते तेव्हा बोलणं जरा जास्त होतं, पण जाहिराती नाहीत त्या याच पैशावर, जमेल त्याने द्यावेत.