नवं कारागृह की कच्च्या कैद्यांची सुटका?
मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता वर्षानुवर्षं 804 धरली गेली. आत अनेकदा तीन हजारांवर माणसं. नवं कारागृह हवंच, पण जागा, निधी, पदभरती यात वर्षं जातात.

मला दुसरा मार्ग आधी हवा. आत बहुतेक कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 479 नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा मार्ग खुला होतो (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून). जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांची अशा कैद्यांसाठी आढावा समिती असतेच. पैशांअभावी जामीन अडकला, तर 2023 पासून केंद्राची आर्थिक मदतही आहे. कलम 479 नुसार सुटकेसाठी न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी कायद्यानेच कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे.