स्मृतिवाकळीसाठी सोलापुरी चादर घ्यावी का?

एड्सने गेलेल्या कार्यकर्त्यांच्या नावांची वाकळ करायचं ठरलं की सोलापुरात कुणीतरी लगेच म्हणतंच, "कापड काय शोधत बसायचं, चादर आहे की." चादर गावची, भौगोलिक मानांकन मिळालेली आणि वर्षानुवर्षं अंगावर टिकणारी. भावना बरोबर आहे, पण नावाच्या पॅनेलसाठी, म्हणजे एकेका माणसाच्या नावाने शिवलेल्या तुकड्यासाठी, हे कापड चुकीचं आहे. चादरीचा या कामात उपयोग होतो, फक्त दुसऱ्या जागी.

आधी माप. जगभर हे काम ज्या वाकळीवरून चालतं ती, म्हणजे 'एड्स मेमोरियल क्विल्ट', सॅन फ्रान्सिस्कोत कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून उभी राहिली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० पॅनेल होती. प्रत्येक पॅनेल ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढं. अशी आठ जोडली की १२ बाय १२ फुटांचा चौरस होतो. आपल्याकडची वाकळ तिकडे पाठवायची नसली तरी हेच माप धरा. पुढे दुसऱ्या गावच्या गटाने केलेली पॅनेल जोडायची झाली तर अडचण येत नाही.

आता चादर. जॅकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उठवलेली नक्षी दोन्ही बाजूंनी असते, त्यामुळे मोर, फुलं आणि चौकटींत नाव हरवून जातं. सूत जाड असल्याने एम्ब्रॉयडरीचे टाके आत रुततात आणि अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात. कापली की कड सुटत जाते, ओव्हरलॉक केल्याशिवाय हात लावायची सोय नाही. ६० बाय ९० इंचाच्या चादरीतून शिलाईसकट एकच पॅनेल निघतं आणि जवळजवळ निम्मं कापड उरतं. सगळ्यात मोठी अडचण वजनाची. आठही पॅनेल चादरीची केली तर टांगलेल्या चौरसाचा सगळा भार वरच्या कडेवर येतो आणि पहिल्यांदा टांगायच्या रिंगांजवळच फाटतं. इथलाच टर्किश टॉवेल सुचवणारेही भेटतात. त्याच्या फाशांत सुई अडकते, विषय संपला.

गेलेला माणूस यंत्रमागावरचा असेल तर मात्र चादरीचा एक तुकडा हवाच. एखादं फूल किंवा काठाची पट्टी कापून, चारी बाजूंनी ओव्हरलॉक करून, झिगझॅगने पॅनेलवर बसवा. मरून किंवा गडद निळा रंग असेल तर आधी ओला पांढरा रुमाल दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा बाद. अख्खी चादर मैदानात वाकळीखाली अंथरायला घ्या. त्या कामाला तिच्याइतकं चांगलं काही नाही.

पॅनेलसाठी चाटी गल्लीत किंवा नव्या पेठेत मिळणारं जाडसर मांजरपाट सगळ्यात सरस. पॉपलिन चालतं, पण उजेडात आरपार दिसतं. ताणणारं होजिअरी कापड नको. पन्हा ४४ इंचांचा मागा. ३६ इंची पन्हा मापाला बरोबर वाटतो, पण दुमडायला काहीच उरत नाही. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. म्हणून एका पॅनेलला सव्वादोन मीटर, मागच्या अस्तरासकट साडेचार मीटर घ्या. रात्रभर भिजवा, गरम पाण्यात धुवा, वाळवून इस्त्री करा आणि मगच ४० बाय ७६ इंच कापा. चारी बाजूंना दोन-दोन इंच दुमडीत जातात. न धुता शिवलेलं पॅनेल नंतर आटतं, त्यावरची अक्षरं मात्र आटत नाहीत, आणि नावाभोवती कायमच्या चुण्या पडतात.

नावांच्या बाबतीत सोलापूरचं नशीब चांगलं आहे. गणवेश शिवणारं हे शहर, त्यामुळे शाळांचे बिल्ले काढणारी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी इथे गल्लोगल्ली मिळते आणि काम सफाईदार असतं. दर टाक्यांच्या संख्येवर असतो, डिझाइनच्या पंचिंगचे, म्हणजे मशीनसाठी फाइल बनवण्याचे पैसे वेगळे. पण पाच-सहा इंच उंचीचं अक्षर पूर्ण भरून काढायला सांगू नका. टाके भरमसाट होतात, बिल फुगतं, कापड आकसतं. मोठं नाव रंगीत कापडातून कापून पट्टीकामाने बसवा. एम्ब्रॉयडरी जन्म-मृत्यूची वर्षं आणि खालच्या ओळीपुरती ठेवा. मशीनची फ्रेम लहान असते, लांब ओळ दोन बैठकांत निघते आणि जोडाच्या जागी शिरोरेषा पायरीसारखी खाली-वर होते. त्यापेक्षा ओळच दोन करा.

लिपीची चूक सगळ्यात जास्त होते. टाइप करून पाठवलेला मजकूर दुकानातल्या फॉन्टमध्ये उघडला की रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, वेलांटी तुटते. तेलुगू आणि कन्नड नावांत तर अक्षराखालचे वत्तू गळूनच पडतात, आणि सोलापुरात अशी नावं कमी नाहीत. मजकूर पीडीएफ करून द्या, कागदावर छापून घरच्यांकडून तपासून घ्या, आणि चिंधीवर नमुना काढल्याशिवाय मूळ कापड मशीनला लावू देऊ नका.

आता गुप्ततेबद्दल. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने कळलेली कुणाची एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला तो मनाई करतो. माणूस गेला म्हणून घरचे मोकळे झाले असं होत नाही. बायको-मुलं त्याच गल्लीत राहतात, मुलीचं लग्न ठरायचं असतं. घरच्यांची लेखी संमती घ्या. ते कचरत असतील तर नुसतं पहिलं नाव किंवा आद्याक्षरं, तेही नको असेल तर नाव नसलेलं एक सामायिक पॅनेल ठेवा. दुकानदाराला फक्त नाव आणि माप सांगा, ऑर्डरच्या चिठ्ठीवर संस्थेचं नाव नको. एड्सची खूण असलेली लाल रिबीन दुकानात काढून घेऊ नका, ती घरी हाताने शिवा. आणि आधीच बजावा, कामाचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. एम्ब्रॉयडरीवाल्यांना ही सवय फार, आणि त्यांच्या बाजूने तो साधा धंदाच असतो.

नाव आणि वर्षं एवढ्यावर थांबलेलं पॅनेल ओकंबोकं वाटतं. कार्यकर्त्याचं काम दिसू द्या. डॉमिनिक डिसूझा यांना १९८९ मध्ये गोव्यात एचआयव्ही आहे म्हणून डांबून ठेवलं होतं. पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था त्यांनी उभी केली आणि १९९२ मध्ये ते गेले. त्यांच्यासाठी पॅनेल करायचं तर बंद दार आणि त्या संस्थेचं नाव एवढं पुरे, पाच ओळींचा परिचय नको. दहा-बारा फुटांवरून एक इंचापेक्षा बारीक अक्षर कुणी वाचत नाही.

फोटोछपाईत पैसे बुडण्याची शक्यता सर्वांत जास्त. कॉफीचे मग आणि टी-शर्ट छापणारे सब्लिमेशन करतात, म्हणजे कागदावरची शाई उष्णतेने कापडात उतरवतात. ते पॉलिस्टरवरच धरतं, सुती कापडावर दोन धुण्यांत फिकट होतं. डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवलेला फोटो, सुतीवर बसतं, पण त्या थराला घडी पडली की तडा जातो. सुती कापडावर थेट डिजिटल छपाई करणारा मिळाला तर तोच गाठा. एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, सरकारकडून मोफत मिळायला १ एप्रिल २००४ पासून सुरुवात झाली. त्याआधी गेलेल्यांचा बहुतेक वेळा एखादा पासपोर्ट फोटोच हाती येतो. तो ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि आठ इंचांपेक्षा उंच छापू नका, चेहरा फुटतो. फोटो, टिकल्या, बिल्ला, काहीही गोंदाने चिकटवू नका. गोंद कडक होतो, पिवळा पडतो आणि सुटतो. सगळं शिवूनच बसवा.

वाकळ शिवणाऱ्या बायकांचा धावदोरा मशीनपेक्षा छान दिसतो, त्यांनाच काम द्या. त्या सवयीने आत चार-पाच जुन्या साड्यांचे थर घालतात. इथे फक्त दोनच थर, पुढचं मांजरपाट आणि अस्तर, हे आधी सांगा. धावदोऱ्याच्या ओळी सहा ते आठ इंचांवर, अक्षरं टाळून. गेलेल्या बाईची साडी अस्तराला लावायची इच्छा असेल तर जरूर लावा, पण विरलेल्या साडीमागे मांजरपाट हवंच. सगळ्या शिवणाऱ्यांना ३ बाय ६ चा एकच कागदी खाका द्या. प्रत्येक पॅनेलमध्ये अर्धा इंच चुकला तर चार पॅनेलांच्या ओळीत दोन इंच होतात आणि चौरस तिरका टांगला जातो. कडेला चारी बाजूंनी नवार शिवून ताडपत्रीवाल्याकडून फुटा-फुटावर पितळी रिंगा मारून घ्या. लोखंडी रिंग स्वस्त पडते आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे डाग सोडते.

मेणबत्त्या वाकळीपासून चार फूट लांब, किंवा सरळ बॅटरीचे दिवे. मेण सांडलंच तर थंड झाल्यावर खरवडा, वर-खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. दर वेळी घडी वेगळ्या जागी घाला. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

एम्ब्रॉयडरीच्या वेळेचं गणित मात्र विचित्र आहे. मार्च ते जून मशीनवर शाळांचे बिल्ले असतात आणि आपल्याला वाकळ हवी असते मे महिन्यात, तिसऱ्या रविवारच्या एड्स स्मृतिदिनाला. तेव्हा घाईत घेतलेल्या ऑर्डरीला नमुना काढून दाखवायला कुणी तयार नसतं. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपली की लगेच कापड आणि मजकूर देऊन टाका. १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनासाठी करायचं असेल तर गणपतीच्या आधी.