नौपाड्यातला भाड्याचा एव्हलान्च (हिमस्खलन) संच: घ्या, पण फावडं बदलून

गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर किंवा फेब्रुवारीत मनालीच्या वर जाणाऱ्या ठाणेकरांसाठी ही खरोखरच सोय आहे. नौपाड्यातल्या या दुकानात ट्रान्सीव्हर (प्रत्येकाने अंगावर बांधायचं, रेडिओ संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची घडीची लांब सळी) आणि फावडं असा पूर्ण संच भाड्याने मिळतो. सुट्या वस्तू देत नाहीत, हे उत्तम. ट्रान्सीव्हर बर्फाखाली गाडला गेलेला माणूस साधारण कुठे आहे ते सांगतो, नेमकी जागा आणि खोली प्रोबने कळते, आणि बाहेर काढायला फावडंच लागतं.

ट्रान्सीव्हर तीन अँटेनांचा, डिजिटल. ४५७ किलोहर्ट्झ ही वारंवारता जगभर एकच असल्याने गटात दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलं तरी अडत नाही. यंत्र हातात आलं की आधी सेलचं झाकण उघडा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत आत राहिलेले सेल गळतात, स्प्रिंगवर पांढरट-हिरवी पूड धरते आणि ऐन थंडीत यंत्र दगा देतं. इथे सेल काढून ठेवतात, पॉइंट लख्ख आहेत. नवे अल्कलाइन सेल स्वतः घाला. रिचार्जेबल नकोत, त्यांचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकून एकदम पडतं, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी फसवते. मोबाइल यंत्रापासून एरवी किमान २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब हवा.

प्रोब २४० सेंटिमीटरचा, म्हणजे किमान हवा तेवढा. काहींचं लॉक मात्र ढिलं आहे. काउंटरवरच झटका देऊन उघडा, दोरी ताणा, टोक जमिनीवर दाबा. सांधा हलला तर दुसरा मागा.

फावड्यावर आमचा ठाम आक्षेप आहे. पातं प्लॅस्टिकचं आहे. कोसळलेला बर्फ थांबताच त्याचे कण एकमेकांना घट्ट धरतात, आणि त्या कडक ढिगावर प्लॅस्टिक वाकतं किंवा तडकतं. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात, नंतर शक्यता झपाट्याने घटते. त्या वेळी मोडकं पातं परवडणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातं आणि लांब होणारा दांडा असलेलं फावडं विकत घ्या.

संचासोबत मैदानावर सराव करून घेतात, तोही मन लावून. पडद्यावरचा अंतराचा आकडा ३ मीटरच्या आत आला की यंत्र जमिनीलगत, चाल मंद, यंत्र न फिरवता आडवी-उभी फुली. सर्वांत लहान आकडा मिळेल तिथून २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोलाकार प्रोबिंग. प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात घालायचा आणि माणसाला लागला की तिथेच ठेवायचा. पुढचं खणणं मात्र शिकवत नाहीत. थेट डोक्यावरून खणू नका. प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या सुमारे दीडपट अंतरावरून आत शिरा. खड्डा अरुंद ठेवलात तर बर्फ टाकायला जागा उरत नाही.

सर्वांत मोठी उणीव छापील कार्डात आहे, त्यात उताराबद्दल एक ओळही नाही. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर उतार जितका तीव्र तितकी भीती, असं आपलं गणित. बर्फात बहुतेक स्लॅब (एकसंध घसरणारे बर्फाचे थर) ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे कातळ पाहिलेल्या डोळ्यांना जो साधा वाटतो त्यावर. मोबाइलचं क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजणारं साधन) जरूर वापरा, पण त्या वेळी ट्रान्सीव्हरपासूनचं अंतर सांभाळा. पातळ थर आणि कडाक्याची थंडी असली की तळाचा बर्फ साखरेसारखा दाणेदार, सुटा होतो. त्यावर वाऱ्याने आणलेला जड थर बसला की दूरवरून चालणाऱ्याच्या वजनानेही तो सुटू शकतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज झाला किंवा तडा धावला तर तिथूनच मागे फिरा. डीआरडीओच्या डीजीआरई या संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा निघण्यापूर्वी रोज पाहा. मोठ्या हिमवृष्टीनंतर किमान दोन दिवस तीव्र उतार टाळा.

चौघे असाल तर चारही संच घ्या. एकाकडेच यंत्र असेल आणि तोच गाडला गेला, तर त्याला शोधणार कोण?