सायलेन्सर 'चोक झालाय' म्हणून मला गंडवलं

गाडीचा पिकअप गेला म्हणून गॅरेजला गेलात आणि मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधीच "सायलेन्सर चोक झालाय, कॅटॅलिटिक बदलावा लागेल" असं ठोकून दिलं, तर गाडी तिथून काढा. (कॅटॅलिटिक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनचा धूर साफ करणारा डबा.)

माझी २०१८ ची मारुती ईको व्हॅन, प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांतली. घरच्या मसाल्यांची डिलिव्हरी तिच्यावरच चालते. चढावर दम टाकायला लागली म्हणून गॅरेजमध्ये लावली. चौदा हजारांचं बिल झालं, तेही कच्च्या कागदावर: "कॅटॅलिटिक नवीन", खाली बारीक अक्षरात "प्लग, कॉइल", म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीचे पार्ट. गाडी मस्त पळायला लागली, मग शंका कशाला येईल? जुना पार्ट मागितला, तर म्हणाला, "साहेब, ते भंगार, त्याचं काय लोणचं घालणार?"

हा खरा डल्ला. त्या डब्यात चिनीमातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. २०२१ मध्ये ऱ्होडियम सोन्याच्या दहापट भावाच्याही वर गेलं होतं. ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तो चोर निदान रात्री येतो, याने दिवसाढवळ्या माझ्याकडूनच मजुरी घेतली.

पुढे चेक इंजिनचा दिवा लागला आणि पीयूसीला गाडी नापास झाली. बीएस-४ पेट्रोलला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, माझी त्याच्या कितीतरी वर. दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर काम करत नाहीये. हा कोड सेन्सर बिघडला किंवा एक्झॉस्ट लीक असला तरी येतो, म्हणून तिथल्या पोराने घाई केली नाही. गाडी लिफ्टवर घेतली, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर टकटक केलं. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. कडेने वेल्डिंगची ताजी रेघ, त्यावर काळा स्प्रे. मग ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडला. आत काहीच नव्हतं! माझाच जुना डबा कापून, जाळी काढून, परत शिवला होता. नवीन पार्ट आलाच नव्हता.

आणि पिकअप? तो प्लग-कॉइलने आला. एक सिलिंडर नीट पेटत नव्हता (यालाच मिसफायर म्हणतात), एवढंच दुखणं. खरं तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन जाळी वितळते, म्हणून जाळी खरोखर खराब असली तरी आधी मिसफायर दुरुस्त करायचा असतो. नुसता कन्व्हर्टर बदलून उपयोग नाही.

तेव्हा काम सुरू व्हायच्या आधीच सांगा, जुना पार्ट मला हवा. डब्यावरच्या पार्ट नंबरचा फोटो काढा, बिल जीएसटीचं घ्या, स्कॅन रिपोर्ट मागा. "काढून टाका, मायलेज वाढतं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका: प्रदूषणाच्या कलमाखाली १० हजारांपर्यंत दंड तुम्हाला बसतो, त्याला नाही.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, कॅमेऱ्यातले फोटो जोडून. पहिल्या गॅरेजचा मालक आता अर्धे पैसे देतो म्हणतोय. जाळी मात्र "पोरांनी कुठं टाकली, माहीत नाही."